पटावर नाव आहे, पंगतीत पान नाही

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत त्याला ऑटिझम आहे. आम्ही वाटूरचे. जालन्याहून मंठ्याकडे जाताना जो वाटूर फाटा लागतो, तेच हे गाव. मुलगा शाळेत जायला लागल्यापासून मला जे समजत गेलं ते इथे मांडते आहे. आसपासच्या गावांत अशी लेकरं आहेत, त्यांच्या आया आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणी कोणाशीच बोलत नाहीत.

१. बाहेर ठेवताना कोणी भांडत नाही.

आमच्या मुलाला शाळेतून कोणी काढलं नाही. पटावर नाव होतं, गणवेश मिळाला, पुस्तकं मिळाली. फक्त स्नेहसंमेलनाच्या नाचात त्याला घेतलं नाही. तपासणीला साहेब येणार त्या दिवशी "आज घरीच राहू द्या, उगं गर्दीत घाबरल" असा निरोप आला. दुपारच्या खिचडीला त्याच्या दोन्ही बाजूंची मुलं सरकून बसू लागली. दर वेळी काही ना काही कारण असायचं, आणि ते काळजीच्या सुरातच सांगितलं जायचं. काळजीपोटी बोलणाऱ्याला उलटून काय म्हणणार? म्हणून हे ओळखू यायला वेळ लागतो. आता मी एवढंच विचारते, "दुसऱ्या कोणाच्या लेकराला असं सांगितलं असतं का?" आवाज न चढवता विचारते. समोरचं माणूस थांबून विचार करतं, असं मी बरेचदा पाहिलं आहे.

२. आई एकटी पडली की लेकरू एकटं पडतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी आया उभ्या असतात. उद्या काय आणायचं, कोणाचा वाढदिवस, कोणत्या मॅडमची बदली झाली, सगळं तिथे कळतं. तिथे मी गेले की बोलणं तुटायचं. मग मी लांब, लिंबाखाली उभी राहू लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारच्या घरापर्यंत येऊन पुढे जायचं. आणि ज्या घरात आईला बोलावत नाहीत, त्या घरात तिचं मूल खेळायला कसं जाणार?

हे फक्त आपल्या खेड्यात घडतं असं नाही. २०१७ साली अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सजवळच्या एका शाळेत ॲस्पर्जर (स्वमग्नतेचाच एक प्रकार) असलेल्या एका मुलाला दुसऱ्या तुकडीत हलवलं, तर आधीच्या वर्गातल्या आयांनी व्हॉट्सॲपवर एकमेकींचं अभिनंदन केलं. मुलाच्या नात्यातल्या एका बाईने ते निरोप उघड केले म्हणून जगाला कळलं. ही बातमी वाचली तेव्हा मला त्या आयांचा राग आला, पण त्याहून जास्त त्या मुलाची आई डोळ्यांपुढे आली. ती फाटकापाशी कुठे उभी राहत असेल?

मूल वर्गात कुठे बसणार, कोणाबरोबर खेळणार, हे वर्गाच्या आधी बाहेर, मोठ्या माणसांत ठरत असतं. म्हणून मी लिंबाखालून पुन्हा फाटकापाशी गेले. कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेले. आधी एका आईशी बोलले, तीही माझ्यासारखीच कापूस वेचायला जाणारी. तिच्या मुलीची वही आम्हाला अभ्यासाला हवी होती. वही मागायला गेले आणि तिथून येणं-जाणं सुरू झालं. सगळ्या गावाला पटवायला निघालं तर पाय गळून जातात. एक घर पुरतं सुरुवातीला.

३. दोष आईच्याच पदरात टाकतात, आणि शिकलेल्यांनीही तो टाकला आहे.

गरोदरपणात ग्रहण पाळलं नसेल. मोबाईल दिला असेल. लाडावून ठेवलं. बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून आणा. मी हे सगळं ऐकलं आहे, सासरीही आणि माहेरीही. अडाणीपणाचं बोलणं म्हणून सोडून द्यावं, तर अमेरिकेतल्या मोठमोठ्या डॉक्टरांचं बोलणंही फार वेगळं नव्हतं. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा आई-बापांच्या थंडपणाचाही उल्लेख केला. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात हा दोष आईच्या वागण्यावर आणखी घट्ट बसवला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न असल्याचं पुस्तक लिहून मांडलं होतं. रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आपल्याकडे दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं, त्याही अशाच मुलाच्या आई. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम' पालकांनीच उभा केला. हे काम बऱ्याच ठिकाणी घरातल्यांनीच पुढे नेलं आहे.

ग्रहणाचं कोणी काढलं की मी आता वाद घालत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय, जन्मापासूनच मेंदू तसा घडलाय," एवढं सांगते आणि विषय बदलते.

४. ऑटिझमचं नाव नंतर सांगा, आधी काय करायचं ते सांगा.

"त्याला ऑटिझम आहे" असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दया येते किंवा भीती, आणि दोन्हींचा उपयोग नसतो. मी वहीच्या एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून काढलं. घंटा वाजायच्या आधी त्याला सांगा, तो कान झाकेल, झाकू द्या. मागून हात लावू नका, समोर येऊन नाव घ्या. एका वेळी एकच काम सांगा. तो डोळ्याला डोळा देत नाही, पण ऐकत असतो. रडायला लागला तर वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसवा, भोवती घोळका करू नका. बोलता आलं नाही तर तो बोट धरून ओढत नेतो, तेव्हा सोबत जा.

हे पान शिक्षकांना दिलं, खिचडी करणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं, फाटकापाशीच्या दोन-तीन आयांनाही सांगितलं. मावशींनी सगळ्यात आधी मनावर घेतलं. त्याला खिचडीतली मोहरी दाताखाली आलेली चालत नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिलं. आधी त्यांना वाटायचं की हा अन्नाला नावं ठेवतो. डीजेच्या आवाजाचंही तसंच. पोळ्याच्या मिरवणुकीत तो जमिनीवर लोळण घ्यायचा, लोक म्हणायचे अंगात आलं. आवाज त्याला खरोखर दुखतो हे सांगितल्यावर गल्लीतल्या पोरांनी आमच्या घरापुढे आवाज कमी करायला सुरुवात केली. दर वेळी करतात असं नाही, पण करतात.

५. आईला वर्गात बसवणं हा उपाय नाही.

"तुम्हीच बसत जा त्याच्याजवळ" हे फार वेळा ऐकायला मिळतं. वेचणीच्या दिवसांत दिवसभर शाळेत बसणाऱ्या बाईची मजुरी कोण देणार, हा एक प्रश्न. दुसरा मोठा. आई शेजारी बसली की बाकीची मुलं जवळ येत नाहीत, आणि शिक्षकही मग आईशीच बोलतात, मुलाशी नाही. सुरुवातीचे काही दिवस बसणं ठीक, पण किती दिवस ते आधीच ठरवून घ्यावं.

६. कागद करून ठेवा.

कागदाने माया मिळत नाही, हक्क मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही त्यात येतात. सरकारी वा मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलं आहे. मुलाला "येडा" म्हणून कोपऱ्यात बसवणं त्यातच येतं, असं मी मानते.

प्रमाणपत्रासाठी ज्या भारतीय मापन पद्धतीने तपासतात, तिच्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७० किंवा त्याहून जास्त गुण आले की स्वमग्नता धरतात. जाताना त्याच्या सवयी लिहून न्या. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं, आणि तपासणाऱ्याला घरचं वागणं तुमच्याकडूनच कळायचं असतं. ज्यांच्या मुलांना नुसतं वाचण्या-लिहिण्यात अडचण आहे त्यांनाही सांगते, परीक्षेतल्या सवलती महाराष्ट्रात १९९६ पासून आहेत. मागाव्या मात्र लागतात.

७. शिक्षकाला एकटं धरू नका.

एका शिक्षकाकडे दोन वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, त्यात निवडणुकीची कामं. त्यांना या मुलांबद्दल कोणी नीट शिकवलेलंही नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांबाबत सरकारांना बजावलं. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एकेका गटासाठी, विशेष शिक्षकांची ४८६० पदं ठरली. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला केंद्रातल्या सगळ्या शाळा. तो रोज आपल्या वर्गात येणार नाही हे उघड आहे. म्हणून तो येईल त्या दिवशी वर्गशिक्षक आणि पालक दोघांनी समोर असावं आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं ते लिहून घ्यावं, असा माझा आग्रह असतो.

८. मुलांना फार समजावू नका.

माझ्या मुलाला एसटीच्या पाट्या पाठ आहेत. फाट्यावर कोणती गाडी कधी येते, परतूरची कोणती, जालन्याची कोणती, तो सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो. वर्गातल्या एका मुलाला रोज फाट्यावरून आजीला आणायचं असायचं, तो याला वेळ विचारू लागला. त्यांची ओळख तिथे झाली. कोणी मोठ्याने "याच्याशी चांगलं वागा" असं सांगून ती झाली नव्हती. सांगितलं की मुलं दूर उभी राहून चांगलं वागतात. काहीतरी एकत्र करायला दिलं की जवळ येतात. फळा पुसणं, पाण्याच्या टाकीची तोटी बंद करणं, हजेरीची वही पोचवणं, असं काम दोघांत मिळून द्यावं, हे मी शिक्षकांकडून मागून घेतलं.

९. शाळा व्यवस्थापन समितीत जा.

समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मूल वंचित घटकात धरलं आहे. पहिल्या बैठकीत मी बोललेच नाही. नंतर सहलीचा विषय निघाला, तेव्हा बोलले. सहल वेरूळला जाणार होती आणि "जबाबदारी कोण घेणार" म्हणून माझ्या मुलाचं नाव यादीत नव्हतं. मी म्हटलं, जबाबदारीची वाटणी करू. गाडीत खिडकीची जागा, कान झाकायला टोपी, सोबत तोच आजीवाला मुलगा, आणि दोन शिक्षकांपैकी एकाकडे माझ्या पानाची प्रत. वही देणारी ती आई त्या बैठकीत होती. ती म्हणाली, "माझी पोरगी बी जाणार हाय, ती बघल." मुख्याध्यापकांनी नाव लिहून घेतलं. सहल जानेवारीत आहे. ती प्रत मी आता नव्याने लिहायला घेतली आहे, कारण वर्षभरात तो बराच बदलला आहे. घंटेचं कलम त्यातून काढून टाकायचं आहे, आणि गुहेतल्या अंधाराचं एक घालायचं आहे.