चित्रकथीची पोथी : नक्कल की परंपरा?

कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे. तेथील ठाकर मंडळी रामायण-महाभारतातल्या आख्यानांची जुनी चित्रे हाताने पुन्हा काढतात आणि विकतातही. तशी चित्रे आता आमच्या आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावात घरांच्या भिंतींवर दिसू लागली आहेत. लोक आम्हांस विचारतात, "बुवा, ह्यां खरां काय नकली?" प्रश्न दिसायला साधा, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. असले चित्र वारकऱ्याने घरी ठेवायचे ते काय म्हणून? शोभेची वस्तू म्हणून, की पोथी म्हणून?

आधी वस्तू समजून घेऊ. चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून कथा सांगणारा. एकेका आख्यानाची सुटी चित्रे असतात, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, आणि त्या गठ्ठ्याला ठाकर लोक 'पोथी' असेच म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे उभे करतो, वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर गातो, मध्येच बोलतो, पुन्हा गातो. सावंतवाडीच्या भोसल्यांचा या कलेला आश्रय होता आणि देवळांतून कथा सांगण्याचा मान या लोकांकडे असे. हा प्रकार कालपरवाचाही नव्हे बरं का! कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात चित्रकथकाचा उल्लेख आहे.

शास्त्राचेही येथे सांगणे आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवण्याची विद्या मागतो. ऋषी म्हणतात, त्याआधी चित्र समजले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. राजा मागायला गेला मूर्ती आणि पोचला गाण्यापाशी! आमच्या मते चित्रकथीचे मर्म यात आले. गाणे काढून घेतले तर मागे उरतो तो रंगवलेला कागद.

आता नकलेचा आक्षेप घेऊ. कोणी म्हणेल, जुने ते अस्सल, आजचे ते उतरवलेले. ठीक. पण आपल्या संप्रदायात उतरवून घेणे कमीपणाचे कधी होते? ज्ञानेश्वरी माउलींनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, आणि पुढे शतकानुशतके हातोहात उतरत आली. तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत आले त्यांत संताजी जगनाडे यांच्या वह्यांचा वाटा केवढा! कागद जीर्ण व्हायचाच. जीर्ण पोथी पाण्यात सोडावी आणि नवी लिहून घ्यावी, ही आपली जुनी चाल. चित्राच्या पोथीला वेगळा न्याय का लावायचा?

तरी एवढ्यावर निकाल देता येत नाही. शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये नाथमहाराजांना ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, ती का? उतरवणारांच्या हातून अपपाठ शिरले म्हणून. चित्रातही अपपाठ शिरतो. पिंगुळीच्या चित्रांत चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले, डोळे मोठे. कोण कोणाकडे बघतो यावरून संवाद कळतो. समजा, बिभीषण रामाला शरण आला आहे आणि उतरवणाराने शोभेसाठी त्याचे तोंड उलट्या दिशेला फिरवले. रंग सुरेख, रेघ सफाईची, पण शरणागती गेली की नाही? रंग बाजारचे की मातीचे, याची चौकशी लोक फार करतात. आम्हांस ती गौण वाटते. प्रसंग ओळखता येतो का, आणि त्याच्यावरून कथा सांगता येते का, हे आधी बघावं.

खरी काळजी पुढेच आहे. चित्रे काढणारे हात अजून आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये स्वतःच्या घरी ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण चौकटीत जाते ते एकच पान. मागले नाही, पुढले नाही. एका दुकानात आम्ही विचारले, हा कोणता प्रसंग? विकणारा म्हणाला, "रामायणातलाच कायतरी." घेणाऱ्यानेही पुढे विचारले नाही. अशाने रेघा जगतील आणि आख्यान बुडेल. ठाकरांची कथा तोंडी चालत आलेली, ग्रंथाशी ती शब्दशः जुळत नाही. म्हणून ती ग्रंथात शोधून परत मिळायची नाही.

वारकऱ्याला हे काम अवघड नाही. श्रीधरस्वामींचा रामविजय १७०३ सालचा, पांडवप्रताप १७१२ चा. दोन्ही ग्रंथ आपल्या घराघरांत वाचले जातात, त्यामुळे प्रसंग ओळखीचे आहेत. चित्र घ्यायचे तर काढणाऱ्याकडूनच घ्यावे, त्याला आख्यान सांगायला लावावे, आणि ते चित्राच्या पाठीमागे नव्हे, वेगळ्या वहीत लिहून ठेवावे. ठाकरांचा पाठ आणि श्रीधरांचा पाठ वेगळा पडला तर दोन्ही लिहावे. एकाने दुसऱ्याला दुरुस्त करू नये.

भजनी मंडळाला शक्य असेल तर एकेकाने सुटे पान घेण्यापेक्षा वर्गणी करून एका आख्यानाची सगळी पोथी काढून घ्यावी. एकादशीला कीर्तनाआधी, किंवा अध्याय वाचून झाल्यावर, ती मांडावी. ठाकर कथेकरी येत असेल तर त्याला रीतसर बोलावून, बिदागी देऊन, आपण श्रोते व्हावे. तो मिळाला नाही तरच बुवांनी सांगावे. आणि चित्रे दोरीला लावणाऱ्या मुलांवर एक जाणता माणूस ठेवावा, कारण मारुती लंकेत पोचण्याआधी सीता अशोकवनात बसलेली दिसली पाहिजे.