नॅनो नको, नीट माहिती द्या

नेऱ्याहून एका वाचकांनी विचारलं आहे : ‘आतड्याची तपासणी सांगितली आहे. हल्ली नॅनो कणांचं औषध पाजून फोटो काढतात म्हणे. तेच मागू का?’

मागू नका. रोजच्या तपासणीत ते वापरात नाही. लोहाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांना सिलिकॉनचा लेप देऊन केलेलं, एमआरआयआधी प्यायचं एक औषध अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालं होतं. त्यानं आतडं काळं दिसे आणि शेजारचे अवयव उठून दिसत. पुढे ते बाजारातून गेलं. तेव्हा ‘नॅनो’ म्हणून कुणी जादा पैसे मागितलेच, तर औषधाचं नाव लिहून मागा.

गंमत अशी, की पित्तनलिकेच्या एमआरआयसाठी तेच काम काही ठिकाणी अननसाच्या रसावर भागवतात! त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी चित्रात काळं पडतं आणि नलिका स्पष्ट दिसते. पण रस घरून पिऊन जाऊ नका. तपासणी उपाशीपोटी असते. तिथे दिला तरच घ्या.

तुम्हाला बहुधा बेरियम देतील किंवा सीटी स्कॅन करतील. बेरियम सल्फेटचं ते खडूसारखं पांढरं पाणी १९१० पासून वापरात आहे. बेरियमचे काही क्षार विषारी असतात, हे खरं. सल्फेट मात्र पाण्यात विरघळत नाही; रक्तात न शिरता शौचावाटे निघून जातं. दोन-तीन दिवस शौच पांढरट होईल, घाबरू नका. भरपूर पाणी प्या, नाहीतर ते आत घट्ट बसतं. शौच अडलं आणि पोट फुगलं तर लगेच दाखवा. आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल तर बेरियम देत नाहीत, म्हणून अचानक असह्य दुखू लागलं असेल तर ते आधी सांगा.

सीटीला शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. आपल्याकडे मासे-कोळंबीची ॲलर्जी असलेले लोक या औषधाला उगाच घाबरतात. त्या ॲलर्जीचा आयोडीनशी संबंध नाही. पूर्वी याच औषधानं अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा दिवस राहिल्याची शक्यता असेल, तर ते मात्र लपवू नका. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि जुन्या फिल्म बरोबर न्या. धोदाणी-मालडुंग्यासारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी, म्हणजे दुपारपर्यंत उपाशी ताटकळावं लागत नाही. मधुमेह्यांनी तर नक्कीच.