जोडणीचे आकार : संगणक-जाळ्यांच्या रचनेचा परिचय

इतिहास हा आमच्या अध्यापनाचा विषय. संगणक हा नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी संगणक-जाळ्यांच्या रचनेवर लिहिण्याचे आम्ही ठरविले, त्यास आमच्या हातून घडलेली एक चूक कारणीभूत आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक होते. करंगळीहूनही बारीक अशा एका काळ्या केबलने ते भिंतीच्या कडेने एकापुढे एक जोडलेले होते. मुलांची सर्व कामे एका मुख्य संगणकात साठविलेली असत. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी वसतिगृहातील आठवीचा एक विद्यार्थी कक्ष झाडीत होता. झाडूचा धक्का लागून एका संगणकामागील सैल जोड निखळला आणि दहाही संगणकांचा परस्परांशी संबंध तुटला. परीक्षा पुढे ढकलावी लागली. आम्ही त्या मुलास सर्वांसमोर रागावलो. तो खाली मान घालून इतकेच म्हणाला, "सर, धक्का तर एकालाच लागला. बाकीचे नऊ का बंद पडले?"

त्या दिवशी आमच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढे वाचन केल्यावर ते सापडले. तेच येथे मांडीत आहोत.

दोन रचना : केबलची आणि व्यवहाराची

संगणक एकमेकांना ज्या आकारात जोडलेले असतात, त्या आकारास तंत्रज्ञ 'टोपॉलॉजी' म्हणतात. तिचे दोन अर्थ नीट वेगळे केले पाहिजेत. केबल प्रत्यक्षात कोठून कोठे गेली आहे, ही झाली भौतिक रचना. माहिती कोणत्या क्रमाने व कोणाकडून कोणाकडे जाते, ही झाली व्यवहाराची रचना. या दोन्ही रचना सारख्याच असतील असे नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः भौतिक रचनेचा विचार केला आहे. कारण घर, शाळा वा कार्यालय यांत केबल टाकताना निर्णय तिच्याविषयीच घ्यावा लागतो.

बस रचना

आमच्या कक्षातील रचना या प्रकारची होती. बस रचनेत एकच केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते व सर्व संगणक तिलाच जोडलेले असतात. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इथरनेट'ची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. आरंभीच्या इथरनेटची रचना हीच होती. जाड केबलचा एक तुकडा ५०० मीटरपर्यंत, तर बारीक केबलचा १८५ मीटरपर्यंत चाले. बारीक केबलच्या एका तुकड्यावर जास्तीत जास्त ३० जोडण्या करता येत.

केबल एकच असल्याने एका वेळी एकानेच बोलावयाचे. बोलण्यापूर्वी प्रत्येक संगणक केबल मोकळी आहे का, हे पाहतो. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही संदेश बिघडतात. मग दोघेही थोडा वेळ थांबतात व पुन्हा प्रयत्न करतात. हा थांबण्याचा काळ प्रत्येकाचा निरनिराळा असतो, म्हणून पुन्हा टक्कर होण्याचा संभव कमी होतो.

या रचनेत केबल कमी लागते, म्हणून खर्चही कमी. पण केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे एकेक टोपण बसवावे लागते. ते नसेल तर विद्युत संदेश टोकावर आदळून मागे फिरतो आणि संपूर्ण केबलवर गोंधळ माजवितो. मध्येच केबल तुटली म्हणजे टोपण नसलेली दोन नवी टोके निर्माण होतात. परिणामी केवळ तुटीपलीकडचे नव्हे, तर दोन्ही बाजूंचे संगणक मुके होतात. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

रिंग रचना

रिंग रचनेत प्रत्येक संगणक आपल्या दोन शेजाऱ्यांशी जोडलेला असतो व शेवटचा पुन्हा पहिल्याशी जोडून वर्तुळ पूर्ण होते. आयबीएम कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या 'टोकन रिंग' पद्धतीत 'टोकन' नावाचा एक लहानसा संदेश वर्तुळात फिरत राहतो. ज्याच्याकडे टोकन येईल, त्यानेच बोलावयाचे. प्रत्येकास पाळी मिळते व टक्कर टळते.

वर्तुळात माहिती एकाच दिशेने फिरत असेल, तर एका ठिकाणची तूट सर्वांना थांबविते. म्हणून टोकन रिंगमध्ये प्रत्येक संगणकाची केबल एका मध्यवर्ती पेटीपर्यंत नेत आणि वर्तुळ त्या पेटीच्या आत पूर्ण होई. एखादा संगणक बंद पडल्यास पेटी त्याला वगळून वर्तुळ जोडून घेई. व्यवहाराची रचना वर्तुळाची आणि केबलची रचना ताऱ्याची, असे हे उदाहरण आहे. दूर अंतराच्या जाळ्यांत दुसरा उपाय योजतात : माहिती दोन्ही दिशांनी जाऊ शकेल अशी सोय करतात. मग एका ठिकाणी केबल तुटली तरी माहिती उलट्या बाजूने फिरून पोहोचते.

स्टार रचना

आज आपल्या शाळेत, बँकेत, तहसील कार्यालयात जी रचना दिसते, ती बहुधा हीच. मध्यभागी 'स्विच' नावाची पेटी असते व प्रत्येक संगणकापासून तिच्यापर्यंत स्वतंत्र केबल जाते. पिळलेल्या तारांच्या केबलवर चालणाऱ्या इथरनेटचे मानक १९९० मध्ये निश्चित झाले, तेव्हापासून ही रचना झपाट्याने रूढ झाली. अशा केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि तिची लांबी १०० मीटरपर्यंतच ठेवावयाची असते.

पूर्वी मध्यभागी 'हब' असे. एकाकडून आलेला संदेश तो सर्वांना पाठवी. म्हणजे आकार ताऱ्याचा, वागणूक मात्र बसची. स्विच कोणत्या छिद्राला कोणता संगणक जोडला आहे हे लक्षात ठेवतो व संदेश ज्याचा त्यालाच देतो.

येथे एक केबल तुटली तर एकच संगणक थांबतो. बाकीच्यांचे काम चालू राहते. त्या सकाळी आमच्या कक्षात ही रचना असती, तर एक संगणक बंद पडला असता आणि परीक्षा झाली असती. तथापि येथेही एक धोका आहे. मधली पेटी बिघडली की सर्व जण थांबतात.

वृक्ष रचना

स्टार रचना वाढवावयाची झाल्यास एका स्विचला दुसरे स्विच जोडतात. मुख्य इमारतीत एक खोड, प्रत्येक मजल्यावर एक फांदी आणि तिला संगणकांची पाने. फांदी तुटली की तिची सर्व पाने जातात.

मग फांद्या एकमेकींना जोडून दुसरी वाट का करू नये? साध्या स्विचमध्ये तसे केल्यास काही संदेश वर्तुळात अखंड फिरत राहतात आणि क्षणार्धात जाळे तुंबते. एखाद्याने अजाणता एकाच केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली तरी हे घडते. यावर १९८५ च्या सुमारास रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणक-अभियंतीने उपाय शोधला. तिच्या पद्धतीनुसार स्विच परस्परांत ठरवून जादा वाट निजवून ठेवतात आणि चालू वाट तुटताच निजलेली वाट जागी करतात. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या साध्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

मेश रचना

प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट जोडणी करावी, ही पूर्ण मेश रचना. तीत सुरक्षितता सर्वाधिक, पण हिशेब पाहावा. संगणकांच्या संख्येला तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणून निम्मे केले की लागणाऱ्या केबलची संख्या मिळते. ४ संगणकांना ६, १० संगणकांना ४५ आणि ४० संगणकांना ७८० केबल! स्टार रचनेत ४० संगणकांना ४० पुरतात. म्हणून व्यवहारात अंशतः मेश वापरतात : प्रत्येक केंद्रास निदान दोन-तीन वाटा.

इतके पुरते का, हा प्रश्न अमेरिकेच्या रँड संस्थेतील पॉल बॅरन यांनी अभ्यासिला. अणुहल्ल्यात दूरध्वनीची मध्यवर्ती केंद्रे नष्ट झाली तर संपर्क कसा टिकेल, ही त्यांची चिंता होती. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी केंद्रित, विकेंद्रित आणि विखुरलेली अशी जाळ्यांची तीन चित्रे मांडली. प्रत्येक केंद्रास अनेक शेजारी असतील, तर पुष्कळ केंद्रे नष्ट होऊनही उरलेली एकमेकांशी बोलू शकतात आणि त्यासाठी सर्वांना सर्वांशी जोडण्याची गरज नसते, असे त्यांनी दाखविले.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेले 'आर्पानेट' १९६९ मध्ये सुरू झाले. ते अणुयुद्धासाठी बांधले, असा समज आहे. त्याचा मूळ हेतू मात्र दूरदूरच्या संशोधकांना एकमेकांचे संगणक वापरता यावेत, हा होता. त्या वर्षअखेरीस त्यात चार केंद्रे होती. लॉस अँजेलिस व सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची दोन केंद्रे आणि स्टॅनफर्ड संशोधन संस्था यांचा त्रिकोण होता. युटा विद्यापीठ मात्र केवळ स्टॅनफर्डशी जोडलेले होते. त्रिकोणातील एखादी रेषा तुटली तर दुसरी वाट होती. युटाची रेषा तुटली असती, तर युटा एकटे पडले असते. सर्व केंद्रे 'जोडलेली' होती, पण सर्वांची जोडणी सारखी नव्हती.

गावापर्यंतची वाट

हा भेद आपल्या दारापर्यंत येतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन केबल तुटल्या आणि मुंबईसह भारतभरची इंटरनेट सेवा मंदावली. ती पूर्णपणे बंद मात्र पडली नाही. कारण पूर्वेकडून जाणाऱ्या वाटा शिल्लक होत्या.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. आरंभी तालुक्यापासून गावांकडे फायबर एका सरळ रेषेत नेण्यावर भर होता. रस्ता खणताना वाटेत कोठे तो तुटला की पुढची सारी गावे तुटत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायती रिंग रचनेने जोडण्याचे ठरले. म्हणजे प्रत्येक गावास दोन बाजूंनी वाट. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, परीक्षेचा निकाल हे सर्व आता याच वाटेने येते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी फायबर तुटला तर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून 'आमच्या गावात फायबर आला का?' एवढेच विचारून थांबू नये. 'तो किती बाजूंनी आला?' हेही विचारावे.

काय लक्षात ठेवावे

आपले माजी विद्यार्थी आज शाळा, ग्रंथालये, लहान कार्यालये चालवितात. त्यांना आमची विनंती आहे की, केबल टाकणाऱ्यास काम देण्यापूर्वी त्याच्याकडून आराखडा काढून घ्यावा आणि प्रत्येक रेषेवर व प्रत्येक पेटीवर बोट ठेवून विचारावे, 'हे तुटले तर कोण थांबेल?' वर्गासाठी स्टार रचना योग्य आहे. एक जादा स्विच कपाटात ठेवावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावावा. जोड वावरण्याच्या वाटेत ठेवू नयेत. खर्च वाचविण्यासाठी बसची निवड करणे हा त्या काळी अपराध नव्हता. पण त्या निवडीचे ओझे झाडू मारणाऱ्या मुलावर टाकणे ही आमची चूक होती.

तो विद्यार्थी आज चाळिशीकडे झुकला असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने त्या सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. त्याचा प्रश्न योग्य होता. आमचा राग अयोग्य होता.