घरांतील चित्रशाळा

यंत्राचा उपयोग आणि यंत्राचें ज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोलापुरांतील मुलांना हें निराळें सांगावयास नको. ज्या घरीं माग असे, त्या घरांतील मूल चादर पांघरावयास शिके. तसेंच धोटा कसा धांवतो आणि कांडीवरील सूत संपलें म्हणजे काय करावयाचें, हेंहि तें पाहतां पाहतां शिके. आज घरोघरीं दुसरेंच यंत्र आलें आहे. तें म्हणजे हातांत मावणारा मोबाईल. त्यावरील चालतीं चित्रें पाहावयास मुलांना शिकवावें लागत नाहीं. परंतु तीं चित्रें चालतात कशीं, हें किती घरांत आईबापांनीं मुलांना समजावून दिलें असेल? या संबंधांत एका मराठी कुटुंबाचा वृत्तांत सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे खेळ असे अनेक उद्योग करून त्यांनीं चाळिशी गांठली होती. १९११ च्या सुमारास मुंबईच्या एका चित्रगृहांत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्रावरील मूक चित्रपट पाहिला, आणि आपले राम व कृष्ण पडद्यावर केव्हां दिसतील, हा एकच ध्यास त्यांनीं घेतला. थोरला मुलगा भालचंद्र यानें पडद्यावर पाहिलेल्या जनावरांची हकीकत घरीं सांगितली, ती कोणाला खरी वाटेना. म्हणून दादासाहेब दुसऱ्या दिवशीं सर्व कुटुंबालाच घेऊन गेले, असें सांगतात.

आतां चित्र चालतें म्हणजे काय, तें पाहूं. वास्तविक कोणतेंहि चित्र चालत नाहीं. किंचित् फरक असलेलीं स्थिर चित्रें डोळ्यांपुढून भराभर गेलीं, म्हणजे त्यांतील खंड आपणांस जाणवत नाहीं आणि हालचालीचा भास होतो. मूकपटांच्या काळीं दर सेकंदास सुमारें १६ चित्रें दाखवीत. १९१२ सालीं इंग्लंडला जाऊन दादासाहेबांनीं ही विद्या पाहून घेतली व कॅमेरा विकत आणला. परत आल्यावर त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि ठराविक वेळानें एकेक चित्र घेत रोपाची वाढ टिपली. समजा, दर तासाला एक याप्रमाणें ३० दिवस चित्रें घेतलीं, तर तीं ७२० होतील. सेकंदास १६ या वेगानें तीं दाखविलीं, तर महिन्याची वाढ ४५ सेकंदांत दिसेल! तो लहानसा चित्रपट पाहून भांडवल देणारांचा विश्वास बसला.

पुढें घराचीच चित्रशाळा झाली. पत्नी सरस्वतीबाई यांनीं अंधारांत कोऱ्या फिल्मला भोंकें पाडणें, रासायनिक द्रव्यें मिसळणें, फिल्म धुणें हीं कामें शिकून घेतलीं. नटांवर उजेड पडावा म्हणून त्या उन्हांत पांढरी चादर धरून उभ्या राहत; शिवाय कामावरील मंडळींचा स्वयंपाक होताच. 'राजा हरिश्चंद्र' मध्यें तारामतीचें काम करण्यास स्त्री मिळाली नाहीं, तें साळुंके या पुरुषानें केलें. राजपुत्र मात्र भालचंद्र झाला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत हा चित्रपट लोकांपुढें आला. पुढें १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्यें बाळकृष्णाचें काम दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी हिनें केलें.

या चरित्रांत एक इशाराहि आहे. नव्या विद्येच्या नादांत दादासाहेबांनीं रात्रंदिवस चित्रपट पाहिले आणि झोंप तोडली. त्यामुळें त्यांचे डोळे कांहीं काळ निकामी झाले. वैद्यकीय उपचारांनीं दृष्टि परत आली, हें सुदैव. ज्या पुरुषाचें ध्येय एवढें थोर, त्याच्याहि डोळ्यांनीं अतिरेक सोसला नाहीं. मग केवळ करमणुकीसाठीं जागणाऱ्या मुलांचे डोळे तो सोसतील काय?

पालकांस विनंती अशी कीं, मूल भाकरीचा घांस घेईना म्हणजे त्याच्या हातीं मोबाईल द्यावयाचा आणि अभ्यासाच्या वेळीं तोच हिसकावून घ्यावयाचा, या दोन्ही मार्गांनीं मुलाच्या पदरीं ज्ञान पडत नाहीं. अर्धा तास त्याच्या शेजारीं बसावें. आपणांस ठाऊक नसेल तें त्यालाच विचारावें. मुलाला शिकविण्याची संधि देणें हेंहि शिक्षणच होय. फाळके यांच्या घरीं मुलें केवळ प्रेक्षक राहिलीं नाहींत, तीं बापाच्या उद्योगांत भागीदार झालीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, सुटींत हा प्रयोग अवश्य करा. एका वाटींत ओल्या मातीवर हरभऱ्याचे चार दाणे ठेवा. मोबाईल रोज त्याच जागीं, त्याच उंचीवर टेकवून दिवसा दर तासास एक याप्रमाणें बारा चित्रें आठ दिवस घ्या. एकूण चित्रें ९६. सेकंदास १६ या वेगानें खेळ अवघ्या ६ सेकंदांचा! त्या ६ सेकंदांसाठीं आठ दिवस धीर धरावा लागेल, माती ओली ठेवावी लागेल आणि वेळ चुकवितां येणार नाहीं. खेळ तयार झाला म्हणजे प्रथम तो आईवडिलांना दाखवा, आणि तो कसा झाला हें त्यांना नीट समजावून सांगा.