ठरलेले मंगल कार्यालय ऐनवेळी मिळाले नाही तर

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे गाव. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील महापुरांत नदीचे पाणी गावात शिरले होते. ते दिवस चातुर्मासाचे असल्याने लग्ने सहसा नसतात. परंतु तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. अशा वेळी "पुराने इमारत खचली, आमचा नाइलाज आहे," असे उत्तर वधूपित्यास मिळाले तर? इसार दिलेला, पत्रिकाही वाटलेल्या असतात.

येथे पहिला प्रश्न असा की, कार्यालय देणे खरोखर अशक्य झाले आहे काय? करार झाल्यानंतर मालकाच्या दोषाविना तसे झाले असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ अन्वये तो करार रद्दबातल ठरतो. अशक्यता म्हणजे केवळ इमारत कोसळणे नव्हे. कराराचा मूळ हेतूच विफल होणे हीदेखील अशक्यताच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली सत्यव्रत घोष प्रकरणात स्पष्ट केले. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात विवाहास पंचवीसच माणसांची मर्यादा घालण्यात आली, तेव्हा कार्यालये जागच्या जागी उभी होती. पाचशे पानांची पंगत मात्र बसू शकत नव्हती. याउलट, खर्च वाढला किंवा दुसरा गिऱ्हाईक अधिक भाडे देतो, ही अशक्यता नव्हे. तो सरळसरळ करारभंग होय.

करार रद्द झाला म्हणजे इसार बुडाला, अशी समजूत खेड्यापाड्यांत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. रद्द ठरलेल्या करारान्वये मिळालेला लाभ परत केला पाहिजे, असे कलम ६५ सांगते. "इसार परत मिळणार नाही" हे पावतीवरील छापील वाक्य वाचून पुष्कळजण गप्प बसतात. पण तेवढ्याने दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही.

कलम ५६ चा शेवटचा परिच्छेद फारसा कोणी वाचत नाही. खचलेल्या सभागृहाची दुरुस्ती मुहूर्तापर्यंत होणार नाही, हे ठाऊक असून मालकाने इसार घेतला आणि गिऱ्हाइकास त्याची कल्पना नव्हती, तर मालकास नुकसानभरपाईही द्यावी लागते.

करारभंगाची भरपाई कलम ७३ प्रमाणे मिळते. दुसऱ्या कार्यालयाचे जादा भाडे, नव्या पत्रिकांची छपाई यांसारखा खर्च त्यात मागता येतो. मात्र पर्यायी जागा मिळत असताना हातावर हात ठेवून बसणाऱ्याची मागणी तोकडी पडते.

मालकास प्रथम लेखी नोटीस द्यावी. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कार्यालय परजिल्ह्यातील असले, तरी सायखेड्याच्या रहिवाशास नाशिक येथे तक्रार दाखल करता येते. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही.

अडचण येते ती पुराव्याची. कित्येक व्यवहार तोंडी होतात, फार तर पत्रिकेच्या पाठीवर आकडा लिहिला जातो. म्हणून इसार देतानाच पावतीवर विवाहाची तारीख, जागेचे नाव, ठरलेले भाडे, दिलेली रक्कम आणि पाहुण्यांची अंदाजे संख्या लिहून मालकाची सही घ्यावी. समाजमंदिर भाड्याने देणाऱ्या ग्रामपंचायतींनीही अशीच पावती द्यावी.