कायद्यापुढील समानता आणि न्यायालयाची कसोटी

"कायद्यापुढे सर्व समान, मग काहींनाच सवलती का?" हा प्रश्न आपल्या मुलामुलींना महाविद्यालयात आणि नोकरीच्या ठिकाणी हमखास ऐकावा लागतो. पुष्कळदा ती गप्प बसतात, नाहीतर चिडतात. त्यापेक्षा अभ्यासून उत्तर देणे केव्हाही चांगले. न्यायालये हाच प्रश्न कसा सोडवितात, ते आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

संविधानाचे कलम १४ कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण यांची हमी देते. सर्वांना सरसकट एकच नियम लावावा, असा याचा अर्थ नाही. समान परिस्थितीतील माणसांना समान वागविले पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. लहान मुलांना कारखान्यात राबवू नये, हा कायदा मुले व प्रौढ असा भेद करतो. पण त्याला कोणी अन्याय म्हणत नाही.

म्हणून लोकांचे गट पाडणारा कायदा समोर आला की न्यायालय दोन प्रश्न विचारते. पहिला, हे गट कोणत्या स्पष्ट, समजण्याजोग्या फरकावर पाडले आहेत? दुसरा, त्या फरकाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी सयुक्तिक संबंध आहे काय? हीच वाजवी वर्गीकरणाची कसोटी होय. १९५२ साली अन्वर अली सरकार खटल्यात पश्चिम बंगालचा एक कायदा तिच्यावर उतरला नाही. कोणता खटला विशेष न्यायालयाकडे पाठवायचा, हे सरकारच्या मर्जीवर सोडले होते. खटले लवकर निकालात काढणे, एवढेच कारण सर्वोच्च न्यायालयाला पुरेसे वाटले नाही.

केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्याचा निकाल १९७५ साली लागला. बढतीसाठी खातेनिहाय परीक्षा उत्तीर्ण होण्यास केरळ सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांना जादा मुदत दिली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली; सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वैध ठरविली. मागे ठेवल्या गेलेल्यांना साह्य करणे हा समानतेला अपवाद नसून समानतेकडे जाण्याचाच मार्ग आहे, हा विचार या निकालातून पुढे आला. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

आता आपल्या समाजाचा अनुभव पाहू. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू धर्माची अट होती. १९५६ साली शीख धर्मीयांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरास लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. धर्म बदलला तरी गावकुसाबाहेरचे घर आणि समाजाची नजर बदलली नव्हती. दरम्यान १९८५ साली ख्रिस्ती झालेल्या एका चर्मकाराचा दावा सूसाई खटल्यात फेटाळला गेला. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो, हे दाखविणारा पुरावा पुरेसा नाही, असे न्यायालयाने म्हटले. नुसती वेदना न्यायालयात पुरत नाही, तिची नोंद असावी लागते, हा धडा आपण विसरता कामा नये.

हीच कसोटी आता अनुसूचित जातींच्या आतही लागू झाली आहे. २००४ च्या चिन्नय्या निकालाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण नाकारले होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ते राज्यांना करता येईल असे ठरविले. मात्र त्यासाठी मागासलेपण व अपुरे प्रतिनिधित्व यांची आकडेवारी राज्याला द्यावी लागेल आणि न्यायालय ती तपासू शकेल. या विषयावर आपल्यात मतभेद आहेत व राहतील. परंतु वाद घालताना जातीचा अभिमान बाजूला ठेवून तेच दोन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विद्यार्थी मित्रांनी कायद्याकडेही त्याच दृष्टीने पाहावे. निकाल मुळातून वाचावेत, आकडे गोळा करावेत आणि मग निर्भयपणे बोलावे. बाबासाहेबांना हेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!