फाइल नसलेल्यांचे प्रवेश

मराठी मध्यमवर्गीय घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक फाइल असते. दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमिलेअर आणि सातआठ पासपोर्ट फोटो. प्रवेशाच्या हंगामात यातला एक कागद जरी सापडला नाही, तरी घरात कुणाला जेवण जात नाही.

अलेप्पोहून किंवा काबूलहून एका रात्रीत निघालेल्या मुलाजवळ ही फाइल नसते. नवी प्रत मागवावी म्हटलं, तर कॉलेजची इमारत उभी असेलच असं नाही. असली तरी ज्या सरकारला घाबरून तो पळाला, त्याच सरकारच्या कचेरीत ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करणं म्हणजे आपला पत्ता आपणच कळवणं.

अशा मुलांना विद्यापीठाच्या दारातून आत नेणं हा पगारी आणि प्रशिक्षण लागणारा व्यवसाय आहे, हे आपल्याकडच्या करिअर मेळाव्यांत फारसं कुणी सांगत नाही. मुलगी म्हणाली, ‘मला निर्वासितांसाठी काम करायचंय’, की वडिलांच्या डोळ्यांसमोर खादीची झोळी येते. प्रत्यक्षात या कामाला कळवळ्यापेक्षा कारकुनी जास्त लागते; पण ती खर्डेघाशी नव्हे, कायदा वाचणारी, पाठपुरावा न सोडणारी कारकुनी. गरजही उघड आहे. जगभरच्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोचणारे एके काळी जेमतेम १ टक्का होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या २०२४च्या अहवालात ते ७ टक्के झाले. २०३०चं लक्ष्य १५ टक्क्यांचं आहे.

ब्रिटनमध्ये हे काम जवळून पाहता येतं. तिथे आश्रयाचा अर्ज मंजूर झालेला तो ‘रेफ्युजी’ आणि निकालाची वाट पाहणारा तो ‘असायलम सीकर’. दोघांमधला फरक फीच्या आकड्यात उतरतो. पहिल्याला स्थानिक फी आणि सरकारी शैक्षणिक कर्ज मिळतं. दुसऱ्याला इंग्लंडमध्ये सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी पडते, म्हणजे नाशिकहून गेलेल्या मुलाएवढीच. त्याला कर्ज नाही आणि साधारणपणे नोकरीची परवानगीही नाही. सरकारी निवाऱ्यात राहून स्वतः रांधून खाणाऱ्या अर्जदाराच्या हातात २०२४ साली आठवड्याला ४९.१८ पौंड पडत होते. त्यातून फी भरणं दूरच, कॉलेजला जायचं बसभाडंही जड.

म्हणून बऱ्याच विद्यापीठांनी ‘सँक्चुअरी स्कॉलरशिप’ सुरू केल्या. फी माफ, काही ठिकाणी पुस्तकं आणि प्रवासाचा खर्चही. त्या पाहणाऱ्या माणसाला इमिग्रेशनची पत्रं ओळ न् ओळ वाचावी लागतात, कारण एखाद्या पत्रात शिक्षणाला मनाई करणारी अट दडलेली असू शकते. एक गोष्ट मात्र त्याने करायची नसते. आश्रयाच्या दाव्याबद्दल सल्ला द्यायचा नसतो. नोंदणी किंवा वकिलीची पात्रता नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९च्या कायद्यानुसार तिथे फौजदारी गुन्हा आहे, संस्थेमार्फत फुकट दिला तरी. ‘लोकांना मदत करायला आवडतं’ एवढ्या भांडवलावर या क्षेत्रात उतरणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

या व्यवसायातला सगळ्यात कसबी माणूस म्हणजे पदवी तपासणारा. कॅनडाला निघालेल्या प्रत्येक मराठी घराला ‘डब्ल्यूईएस’ ही पदव्या तपासणारी संस्था ठाऊक असते. विद्यापीठाच्या खिडकीवर ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद पाकिटासाठी घातलेल्या खेपाही आठवत असतात. त्याच संस्थेने २०१६ मध्ये कॅनडातल्या सीरियन निर्वासितांपासून सुरुवात करून असं पाकीट मिळवूच न शकणाऱ्यांसाठी वेगळी वाट काढली. हाताशी उरलेले थोडेफार कागद, प्रसंगी नुसत्या प्रती, त्यावरूनही तपासणी होऊ शकते.

युरोप परिषदेची योजना आणखी पुढे जाते. २०१७ मध्ये ग्रीसपासून सुरू झालेल्या या ‘क्वालिफिकेशन्स पासपोर्ट’साठी अर्जदार आधी लांबलचक प्रश्नावली भरतो, मग दोन तज्ज्ञ त्याची मुलाखत घेतात. सिव्हिल इंजिनिअर म्हणवतो ना, मग सर्व्हेइंग कितव्या सत्रात होतं? पास व्हायला किती गुण लागत? शेवटच्या वर्षी प्रकल्प होता का? त्या देशाचा अभ्यासक्रम तज्ज्ञांनी आधीच पालथा घातलेला असतो, त्यामुळे थाप फार वेळ टिकत नाही. खरं ठरलं की ५ वर्षं चालणारं प्रमाणपत्र मिळतं. ते पदवीची जागा घेत नाही. पण प्रवेश कार्यालयातल्या माणसाला अर्ज बाजूला न टाकण्याचं कारण देतं.

कॅनडात तर विद्यार्थीच पुढाकार घेतात. ‘डब्ल्यूयूएससी’ या संस्थेच्या १९७८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत कॉलेजातली मुलं वर्गणी काढून केनियातल्या काकुमा, ददाब अशा छावण्यांमधल्या तरुणांना आपल्याकडे शिकायला आणतात. बऱ्याच ठिकाणी ही वर्गणी दरडोई काही डॉलर इतकीच असते आणि फीबरोबर कापली जाते.

भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथला रस्ता अरुंद आहे. तरी मुख्यतः जर्मनीच्या पैशावर १९९२ पासून चालणारी ‘डाफी’ शिष्यवृत्ती इथल्या निर्वासितांनाही मिळते. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांचं पुणे आहेच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, तेव्हा इथे शिकणारी अफगाण मुलं व्हिसाची मुदत आणि घरून येणारे पैसे या दोन काळज्यांत अडकली. कागदोपत्री ती विद्यार्थी होती, निर्वासित नव्हे. पण पदवी हातात आल्यावर परतायचं कुठे? डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठबंदी केली, आणि मुलींसाठी तर या प्रश्नाला उत्तरच उरलं नाही.

या कामाकडे वळायला ठरावीक एक पदवी नाही. कायदा हा सगळ्यात पक्का पाया. समाजकार्याची वाट मुंबईत ‘टिस’ किंवा निर्मला निकेतनमधून जाते, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेतून. जोडीला अरबी, फ्रेंच किंवा फारसी यांतली एक भाषा हवीच. फारसीत मराठी मुलांना एक फुकटची आघाडी आहे, दस्तऐवज, शिफारस असे या धंद्यातले शब्द त्यांच्या घरात आधीपासून नांदताहेत. पालक पगाराचं विचारणारच, आणि विचारावंच. स्वयंसेवी संस्थांत सुरुवात बेताची असते आणि नोकरी बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती. विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय कार्यालयं आणि पदवी तपासणाऱ्या संस्था इथलं काम त्यामानाने स्थिर. १८ पूर्ण झालेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत घरबसल्या ऑनलाइन कामही करता येतं. त्याला पैसे मिळत नाहीत.

आपल्याला हे झेपेल का, याची चाचणी घरीच घेता येते. परदेशी निघालेल्या चुलतभावाचा पदवी-तपासणीचा अर्ज स्वतः भरून पाहावा. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. एवढ्यावरून अर्ज परत येतो. तो तिसऱ्यांदा भरताना कंटाळा आला नाही, तर पुढचं कोडं घ्यावं: अनेक अफगाणांना आडनावच नसतं, आणि फॉर्ममधला तो रकाना रिकामा सोडू देत नाहीत.